वैशाखातली भरलेली विहीर

गावाचं नाव सांगणार नाही. शालनताईंचं घर अजून विकायचं आहे, आणि मी जे लिहिणार आहे ते वाचून एखादं गिऱ्हाईक बिचकलं तर ते पाप माझ्या माथी नको. रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राला अगदी लागून असलेलं गाव, एवढं पुरे. जे तिकडे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गेलेल्यांनी हसू नये. पहिल्यांदा तेही असेच तोंड उघडं टाकून उभे राहिले असतील.

मेहरूण ते देवपूर

कल्पना माझीच होती. तसं घरात सगळ्या बिनकामाच्या कल्पना माझ्याच असतात, असं आमचे हे म्हणतात. जळगावात मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूतल्या एकीनं कोकणात घर घेतलं होतं. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात तिच्या खोल्या पर्यटकांनी भरून जातात, बाकीचं वर्ष घर झोपा काढतं. ती हे सांगायची आणि मला अक्का दिसायची.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अमळनेरच्या बाजूला आमचं गाव. तिचं वावर सडकेला लागून होतं, आणि सडक रुंद झाली त्यात ते गेलं. मोबदला मिळाला, तो बँकेत पडून होता. वावराचा एक तिरका तुकडा तेवढा सडकेच्या कडेला उरला, विहिरीसकट. तो बघायला अक्का एकदाही गेली नाही. "मानूस गया अन् बोट ऱ्हायनं, ते काय दखानं?" असं म्हणायची. तेव्हापासून ती धुळ्याला देवपुरात मुलाच्या फ्लॅटवर राहते, तिसऱ्या मजल्यावर. सून गुणाची, कशाची ददात नाही. पण सून मला हळूच म्हणाली होती, "मावशी, आई रोज सकाळी उठून चपला घालतात आणि दाराशी उभ्या राहतात. मग थोड्या वेळानं काढून ठेवतात."

मला ते ऐकवलं नाही. या बाईला पुन्हा स्वतःची जमीन पाहिजे, मग ती समुद्राकाठी का असेना, हे माझ्या डोक्यात बसलं. अक्काला फोन केला. ती म्हणाली, "समुद्र दखी लेसू एकदाव. घरनं मंग दखू."

आमच्या गल्लीतले सलीमभाई गाडी घेऊन निघाले. ते सुतार. घराचं लाकूड तेच पारखणार होते, आणि सौदा झाला तर पाहुण्यांच्या खोल्यांसाठी पलंगही तेच करणार होते. त्यामुळे घर पाहायच्या आधीच त्यांनी पलंगांची लाकडं मनात कापून ठेवली होती. अक्कानं सोबत एक पिशवी घेतली. तिच्यात तुरीची डाळ, बट्टीचं जाडसर पीठ, काळा मसाला आणि मिरचीचा ठेचा.

"अक्का, तिकडे जेवायला मिळतं," मी म्हटलं.

"मिळू दे," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

पाणी

प्रवासाचं काही सांगत नाही. नाशिकच्या पुढे मी झोपले होते आणि घाटात मला उलटी झाली, एवढाच त्याचा इतिहास.

पण घाट उतरल्यावर हवा बदलली. आमच्याकडे वैशाखात दुपारी चिमणीसुद्धा बाहेर दिसत नाही, डांबराला चपला चिकटतात. इथे भर दुपारी अंगाला घामाच्या धारा, आणि डोळ्यांना मात्र जिकडे तिकडे हिरवंगार. आंबा, फणस, काजू, आणि मध्येच लाल माती. सलीमभाई सारखे म्हणत होते, "ताई, यांना दुष्काळ माहीतच नसेल ना?"

एका वळणावर झाडी संपली आणि समोर समुद्र आला.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर निळ्या खडूनं किती समुद्र काढले त्याची गणती नाही. भरती-ओहोटी तर माझा हातखंडा धडा. पण खरं सांगते, त्या वळणावर मला एक शब्द आठवला नाही. पृथ्वी एका बाजूनं उघडी पडल्यासारखं वाटलं. इतका उजेड, आणि तो सगळा हलणारा. उगाच रडू आलं.

सलीमभाईंनी गाडी थांबवली. अक्का खाली उतरली, वाळूत पोचल्यावर देवळात काढतात तशा चपला काढून ठेवल्या, आणि डोक्यावर पदर घेऊन पाण्यापर्यंत गेली. हळदकुंकू वाहिलं. पुष्कळ वेळ नुसती बघत राहिली.

"वं माय," ती म्हणाली. "हाई बठ्ठं कोनं शे?"

म्हणजे हे सगळं कोणाचं आहे? शेतकऱ्याच्या बाईला दुसरा प्रश्न सुचणार तरी कुठला!

सलीमभाई म्हणाले, "अक्का, अल्लाचं. याचा सातबारा अजून निघाला नाही."

आम्ही हसत होतो तेवढ्यात एक लाट जरा जास्तच पुढे आली आणि अक्काची एक चप्पल घेऊन गेली. सलीमभाई पँट गुडघ्यापर्यंत वर करून धावले, पण चप्पल दोनदा दिसली आणि नाहीशी झाली. अक्का उरलेली चप्पल हातात घेऊन अनवाणीच शालनताईंच्या दारात पोचली.

शालनताईंचं घर

शालनताई साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. दोन खोल्या पर्यटकांना देतात. गुडघे गेल्यामुळे आता सगळं विकून मुलीकडे जायचं म्हणतात. अक्काचे पाय बघून आधी त्यांनी स्वतःच्या चपला पुढे केल्या. "दर्यानं नेली होय? मिळेल हो. तो स्वतःकडे काही ठेवून घेत नाही. कुठे ना कुठे आणून टाकतो."

अक्का पाय पुसता पुसता म्हणाली, "रस्ता नही आनी टाकत."

शालनताईंना काही उमगलं नाही. मला उमगलं, ती वावराचं बोलत होती.

घर मात्र फार सुंदर होतं. उतरतं कौलारू छप्पर, मोठी पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी. त्या वाडीत शिरलं की ऊन कुठे गेलं कळत नाही. सलीमभाईंनी खांबांवर बोटं वाजवली, दाराला नाक लावलं, आणि गिऱ्हाइकानं दाखवू नये एवढा आनंद तोंडावर दाखवला. "सागवान! ताई, शंभर टक्के सागवान!" मी त्यांना डोळ्यांनी दटावत होते, पण व्यर्थ. अक्काला एकच खोट सापडली. छपरावर गच्ची नाही, मग लोक उन्हाळ्यात झोपतात कुठे आणि पापड कुरडया वाळवतात कुठे? शालनताई म्हणाल्या, "वाळवतो ना. पण वर कावळे, खाली मांजर, आणि हवेमुळे दुपारपर्यंत परत ओलं." दोघी यावर बराच वेळ बोलल्या.

जेवायला फणसाची भाजी, सोलकढी, भात, आणि सलीमभाईंना तळलेली सुरमई. भाजीत नारळ, आमटीत नारळ, कोशिंबिरीतही नारळ. आमच्याकडे जिथे शेंगदाण्याचा कूट पडतो तिथे इथे खोबरं पडतं, आणि तिखट म्हणाल तर नावाला. अक्कानं दोन घास गुपचूप खाल्ले, मग पिशवीतून ठेचा काढला. शालनताईंनी कौतुकानं बोटभर चाखला आणि पाणी पीत पडवीत जाऊन उभ्या राहिल्या.

जेवण झाल्यावर आम्ही विहीर बघायला गेलो, आणि तिथेच सगळं घडलं.

आमच्याकडे जमीन वैशाखातच घेतात. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया झाली, लेकी माहेराहून परत गेल्या, वावरं रिकामी झाली, की माणसं सौद्याला निघतात. त्याला कारण आहे. पावसाळ्यात कुणाचीही विहीर भरलेली असते. वैशाखात जिच्यात पाणी ती खरी विहीर. तेव्हा माती नंतर बघतात, बांध नंतर बघतात, आधी विहिरीत डोकावतात.

आम्ही तिघं डोकावलो. पाणी तळाशी नव्हतं, ते वर होतं. काठावर पोट टेकून अक्कानं हात खाली सोडला आणि बोटं पाण्यात बुडाली. ती तशीच ओणवी राहिली. पडते की काय म्हणून मी तिचा पदर धरला.

"सुमे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज विहिरीत घुमला. "वैशाखमा पानी हातले लागस! घर लई ले."

शालनताई मागून म्हणाल्या, "बारमाही आहे हो. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून कधी आटली नाही."

झालं! मी तर केव्हाच राजी होते. सलीमभाईंचे पलंग तयारच होते. अक्काच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता असा उजेड होता. ती वाडीत एकटीच फिरली, माडाच्या मुळाशी माती हातात घेऊन चुरली, पाटाचं पाणी कुठून कुठे वळतं ते पायानं चाचपलं. वावर गेल्यापासून तिला असं चालताना मी पाहिलं नव्हतं. सकाळी इसार द्यायचा ठरला.

वरण-बट्टी

दुसऱ्या दिवशी पडवीत अक्काची तक्रार. "रातभर ट्रका चालू व्हत्यात. आठे बी मोठा रस्ता शे का?"

शालनताई हसल्या. "अहो, ती गाज. समुद्राची."

अक्का जरा खजील झाली, पण कान देऊन ऐकत राहिली. शालनताई म्हणाल्या, माहेरी राहायला गेलं की तिथे गाज नाही म्हणून त्यांना झोपच येत नाही. अक्काच्या वावरातून आता जे ट्रक जातात त्यांच्या आवाजावर कुणाला कधी झोप येईल असं मला वाटत नाही.

आमच्या माहेरी एक रीत आहे. जमीन घ्यायची तर इसार देण्याआधी तिथल्याच विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवायची, बट्ट्या भाजायच्या, आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याला वाढायचं. तो जेवला की सौदा. आणि ते रांधून होईपर्यंत त्या विहिरीच्या पाण्याचा घोट घ्यायचा नाही. आधी अन्नाला, मग आपल्याला. अक्काच्या पिशवीचं कोडं तेव्हा उलगडलं. घराचं मग बघू म्हणत म्हणत ही बाई सौद्याची तयारी करून आली होती.

वाडीत तीन दगडांची चूल मांडली. आमच्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या जाळतात, इथे नारळाची सोडणं. त्यांचा धूर गोडसर असतो आणि डोळ्यांत फार जातो. अक्का रहाटाचं पाणी भरायला लागली तशा शालनताई म्हणाल्या, "ते कशाला? पिण्याचं आत हंड्यात आहे, नळाचं."

"विहिरीचंच लागतं," मी रीत समजावून सांगितली. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण पाहुण्यांच्या देवाधर्माच्या गोष्टीत बोलू नये म्हणून गप्प बसल्या असाव्यात.

डाळ चढली. बट्ट्या निखाऱ्यात गेल्या, भाजल्या, बाहेर आल्या, तुपात बुडाल्या. डाळ उकळत होती. अक्कानं दाणा बोटांत धरून दाबला, तो खड्यासारखा. परत झाकण ठेवलं. सलीमभाई दोनदा येऊन वास घेऊन गेले. ऊन डोक्यावर आलं. पाणी आटलं, पुन्हा रहाटाचं घातलं. दाणा तसाच. वर पिवळं पाणी आणि खाली खडे.

"सोडा टाका चिमूटभर," सलीमभाई म्हणाले. अक्कानं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते नारळ मोजायला निघून गेले.

शेवटी अक्कानं पळीभर पाणी गार केलं आणि जिभेवर घेतलं. मग मला दिलं. मचूळ. मीठ नाही म्हणता येणार, पण पाणीही म्हणता येणार नाही.

शालनताई कपाळाला हात लावून चुलीशी बसल्या. "चैत्र लागला की आतून समुद्राचं पाणी चढतं हो विहिरीत. पाऊस पडला की परत गोडं होतं. आम्ही या दिवसांत तिचं पाणी तोंडात घेत नाही, पण माडांना चालतं. इथे पोराटोरांनासुद्धा ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक नसेल हे माझ्या मनातच आलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आम्ही मात्र समुद्राकाठी येऊन जळगावच्या नजरेनं विहीर पाहिली होती. त्यातली एक तर भूगोलाची बाई!

बट्ट्या आम्ही सोलकढीबरोबर खाल्ल्या. वाईट लागत नाहीत. पण सौद्याचं जेवण झालं नाही.

दुपारी अक्का विहिरीच्या काठावर जाऊन बसली, मीही बसले. आतल्या दगडाच्या फटीत एक इवलंसं रोप होतं, पाण्याच्या बरंच वर. बघता बघता पाणी त्याच्या मुळाशी आलं. मला वाटलं डोळ्यांना भास होतोय. मग पानं भिजली. मग रोप दिसेनासं झालं. कुणी थेंब ओतला नव्हता, रहाट हलला नव्हता, आणि विहीर छाती भरून श्वास घ्यावा तशी वर येत होती. माडांच्या पलीकडे समुद्राला भरती लागली होती. आम्हाला तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. तो जमिनीखालून चालत इथपर्यंत आला होता.

फळ्यावर काढलेली चंद्र-पृथ्वी-सूर्याची सगळी वर्तुळं या एका अंगणातल्या विहिरीत येऊन पोचली होती, आणि मी हात जोडले. लाज वाटली नाही.

अक्का म्हणाली, "इतलं पानी. अन् वाटीभर दाय शिजत नही."

संध्याकाळी मी पुन्हा तिचं मन वळवायला बसले. म्हटलं, पर्यटक बाटलीतलं पाणी पितात, विहिरीचं कोण विचारतो? नळ आहेच. खोल्या तर आत्ताही भरलेल्या असतात. हिशेबानं मी खोटं बोलत नव्हते, आजही तो सौदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. सलीमभाईही म्हणाले, "अक्का, सागवान सोन्यासारखं आहे."

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मनी विहीर वैशाखमा तय दखाडे. पन जितलं पानी ऱ्हाये, तितलं मनं ऱ्हाये. हाई पानी समुद्रनं शे. तो भरस, तोच लई जास."

तिची विहीर वैशाखात तळ दाखवायची. पण जेवढं पाणी राहायचं तेवढं तिचं असायचं.

परतीचा रस्ता

निघायच्या सकाळी सलीमभाई फिरून आले ते अक्काची चप्पल घेऊन. पार होड्यांच्या पलीकडे वाळूत पडली होती, शेवाळाची झालर लागलेली. शालनताईंनी ती गोड्या पाण्यानं धुऊन दिली आणि अक्काच्या हातात कोकमाची पुडी ठेवली. "हिवाळ्यात या. तेव्हा विहीर गोडी असते. डाळ शिजेल." अक्कानं उरलेला ठेचा त्यांच्या फळीवर ठेवला. सौदा मोडलेल्या दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. असे व्यवहार मी कधी पाहिले नव्हते.

धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. सलीमभाई देवपुराकडे वळायला लागले तर मागून अक्का म्हणाली, "देवपूरले नको. सरय चाल."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी अमळनेरच्या दिशेनं सरळ गेली. तिनं सांगितलं तिथे थांबली.

दोन्ही बाजूंनी ट्रक सुसाट जात होते. कडेला तो तिरका तुकडा, बाभळी माजलेल्या, मध्ये विहीर. अक्का समुद्रानं परत केलेली चप्पल घालून चालत गेली आणि काठाशी ओणवली. मी मागे उभी होते. इतके दिवस ज्या जागेचं नाव काढू देत नव्हती तिथे ती उभी होती, आणि ट्रकच्या वाऱ्यानं तिचा पदर उडत होता.

तळाशी पाणी होतं. अगदी थोडं, आकाशाचा एक तुकडा मावेल इतकं. सलीमभाईंनी गाडी धुवायची बादली दोराला बांधून सोडली. पहिल्यांदा गाळ आला, मग अर्धी बादली निवळ पाणी. अक्कानं ते चाखलं नाही. गावातून कळशी मागवली, भरली, आणि मांडीवर घेऊन देवपूरला आणली. सुनेच्या गॅसवर पिशवीतली उरलेली डाळ चढवली. पळी फिरवली आणि डाळ मऊसूत झाली.

मग आम्हा सगळ्यांना तिनं वाढलं. आधी सलीमभाईंना.

याला वर्ष होत आलं. पैसे अजून बँकेतच आहेत, माझे हे मला अजून चिडवतात. बाभळी मात्र निघाल्या. गावातल्या एका जोडप्यानं तिथे रसवंती टाकली आहे, माघापासून पाऊस येईपर्यंत. अक्का भाडं घेते. हंगामी भाडं, येणारे-जाणारे प्रवासी, सगळं माझ्या मनासारखं झालं. किनारा तेवढा डांबराचा. भाडेकरूला तिची एकच अट आहे: तिच्या विहिरीचं पाणी माठात भरून ठेवायचं आणि ते ती स्वतः लोकांना देणार. रोज सकाळी ती चपला घालते आणि एस्टी पकडते.

परवा मी गेले होते. एक गाडी थांबली, मागच्या काचेला वाळू चिकटलेली. समुद्रावरून परतणारी माणसं दिसत होती. त्यातल्या बाईनं रसाआधी पाणी मागितलं, एका दमात पेला रिकामा केला, पुन्हा पुढे केला आणि म्हणाली, "किती गोड पाणी आहे हो, आजी!"

अक्कानं पेला पुन्हा भरला, पण काठोकाठ नाही.

"गोड शे, पन थोडं शे," ती म्हणाली. "जपीसन पी."